'द ग्रे फॉक्स' : दरोडेखोराला इतकं लाडावायचं?

माळावरचा
'द ग्रे फॉक्स' (१९८२) परवा पुन्हा पाहिला. बिल माइनर, घोडागाड्या लुटणारा, १९०१ साली सॅन क्वेन्टिनच्या तुरुंगातून सुटतो आणि बघतो तर लुटायला घोडागाड्याच उरलेल्या नाहीत. रिचर्ड फार्न्सवर्थ झकास. पण दिग्दर्शक फिलिप बोर्सोसने माइनरचा पार प्रेमळ आजोबा केलाय. पिस्तुलापुढे हात वर करून उभ्या राहिलेल्या रेल्वेवाल्यांचं काय?
आणि तो गाजलेला प्रसंग! म्हातारा 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' बघतो आणि त्याला आगगाडी लुटायची कल्पना सुचते. तो मूकपट आला डिसेंबर १९०३ मध्ये. माइनरने पोर्टलंडजवळ गाडी अडवली त्याआधीच, सप्टेंबरात. चरित्रपट म्हणवता ना?

खडूफळा
घ्या, तारखांची फूटपट्टी आलीच! अहो, पडद्याकडे बघताना त्या म्हाताऱ्याचे डोळे पाहिलेत का? आपला धंदा आता खेळ म्हणून दाखवतात, हे त्याला त्या अंधारात कळतं. त्यासाठी तीन महिने मागेपुढे झाले तर माझी हरकत नाही.

कोकणी_पोर
माळावरचा यांच्याशी सहमत. माइनरला 'सभ्य दरोडेखोर' म्हणायचे म्हणे! 'कृपया' म्हणून लुटलं तरी लूटच.

फ्रेझरकाठ
मी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात राहते. माइनरचा १९०४ चा मिशन गावाजवळचा दरोडा इथेच पडला. माइनरबद्दल लोकांना माया होती ती त्याच्या मिशांमुळे नाही, तर कॅनडियन पॅसिफिक रेल्वेवरच्या रागामुळे. माइनर दोन वर्षांतून एकदा रेल्वेला लुटतो, रेल्वे आम्हाला रोज लुटते, असं तेव्हा गमतीने म्हणत. तेव्हा त्याला लाडावलं ते आधी गावकऱ्यांनी, बोर्सोस मागाहून आला.

माळावरचा
फ्रेझरकाठ, हा मुद्दा मान्य. राग रेल्वेवरचा होता हे माझ्या ध्यानात नव्हतं. पण मग शेवटाचं काय? १९०७ साली तो न्यू वेस्टमिन्स्टरच्या तुरुंगातून पळाला, तिथे सिनेमा संपतो. खरा माइनर १९११ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियात पुन्हा गाडी लुटून पकडला गेला आणि १९१३ साली कैदी म्हणूनच मेला. मला तो म्हातारा बघायचा होता. सुटला की पुन्हा तेच करणारा, दुसरं काही येतच नसलेला.

खडूफळा
तो आहे की सिनेमात! फार्न्सवर्थ कित्येक वर्षं स्टंटमन होता, दुसऱ्यांसाठी घोड्यावरून पडायचा. साठीत त्याला ही मुख्य भूमिका मिळाली. तो नुसता खोगिरावर बसला तरी कळतं, ह्याला दुसरं काही येत नाही. जॉर्जिया कशाला दाखवायला हवा?

कोकणी_पोर
आणि १९०६ चा कॅमलूप्सजवळचा दरोडा विसरलात का? चुकीचा डबा फोडला. हाती लागले जेमतेम १५ डॉलर आणि यकृताच्या गोळ्या.

फ्रेझरकाठ
त्या वयात गोळ्याच जास्त कामाच्या :)