मेलॅनोक्रायसमची नवीन पानं लहान लहान येतायत, नेमकं कशामुळे?

मखमली_पान

नमस्कार मंडळी, माझ्याकडे फिलोडेंड्रॉन मेलॅनोक्रायसम ही मखमली पानांची चढणारी वेल आहे. आणलं तेव्हा अगदी छोटं रोप होतं, आता चांगलं वर चढलंय, पण गेल्या काही पानांपासून बघतेय की प्रत्येक नवीन पान आधीच्यापेक्षा लहान येतंय. हे झाड जसजसं वर चढतं तसतशी पानं मोठी होतात असं सगळीकडे वाचलंय, मग माझ्याकडे उलटं का? दोन पानांमधलं खोडही लांबलचक व्हायला लागलंय. त्यात शेवटचं पान उलगडताना मधेच अडकलं आणि कड तपकिरी पडून फाटली, ते बघून फार वाईट वाटलं.

आता माझ्याकडची परिस्थिती सांगते. झाड कोको पोलला, म्हणजे काथ्या गुंडाळलेल्या काठीला बांधलंय. खिडकीपासून बरंच आत ठेवलंय कारण उन्हाने पान जळतं असं ऐकलंय. कुंडीत कोकोपीट आणि कंपोस्ट आहे. पानांवर रोज सकाळ संध्याकाळ पाणी फवारते, हायग्रोमीटर हवेतली आर्द्रता ४५ ते ५० टक्के दाखवतो. जुन्या पानांवर पांढुरके डाग आलेत ते पुसून जात नाहीत. आणि अजून एक, नवीन पान तांबूस लालसर येतं, हा काही रोग तर नाही ना?

या पानांवर माझा फार जीव आहे, त्यामुळे जे काही सांगायचं ते सविस्तर सांगा, मी करायला तयार आहे.

कुंडीतलं_रान

लालसर रंगाची काळजी सोडा आधी. नवीन पान तांब्याच्या रंगाचंच येतं, कोवळ्या पानात हरितद्रव्य कमी आणि अँथोसायनिन हे लालसर रंगद्रव्य जास्त असतं म्हणून, पान पक्कं झालं की गडद काळपट हिरवं होतं. झाड निरोगी असल्याचीच खूण आहे ती.

लहान पान आणि लांब पेर हे दोन्ही एकदम दिसायला लागलं की माझा पहिला संशय पोलवर जातो. हे झाड मूळचं कोलंबियाचं, चोको आणि अँटिओक्विया भागातल्या दमट जंगलातलं. तिथे रोप जमिनीवरच्या पालापाचोळ्यात सुरुवात करतं, मग एखाद्या मोठ्या झाडाचा बुंधा सापडला की त्याला धरून वर निघतं आणि चढताना प्रत्येक नोडमधून (खोडावर पान फुटतं त्या सांध्यातून) मुळं काढून बुंध्यावरच्या ओल्या शेवाळात घुसवतं. म्हणजे बुंधा हा नुसता टेकू नाही, वाटेतलं पाणी आणि अन्न पण तिथूनच मिळतं. वरच्या पानाला लागणारं पाणी शेजारच्याच नोडच्या मुळांनी पुरवलं तर पान मोठं होतं, आणि ती मुळं हवेतच सुकून गेली तर सगळा भार कुंडीतल्या मुळांवर येतो. शिवाय धरायला काही मिळत नाही म्हटल्यावर झाड पान वाढवण्यापेक्षा खोड लांबवतं, पुढचा आधार शोधायला. तुमच्याकडे हेच चाललंय असं मला वाटतं.

पानांच्या आकाराचा किती फरक पडतो बघा, लहान रोपाची पानं बदामाच्या आकाराची तळहाताएवढी असतात आणि मोठ्या झाडाची पानं लांबट, खाली लोंबणारी, ६० सेंमीच्या पुढे जातात. १८७३ मध्ये या झाडाला मेलॅनोक्रायसम नाव मिळालं, तेव्हा लहान पानांचं रोपच समोर होतं, पुढे मोठ्या पानांचं झाड दिसलं तर ती वेगळीच जात समजून तिला अँड्रिॲनम असं नाव दिलं गेलं. झाड एकच होतं, फक्त वय वेगळं.

तर दोन गोष्टी बघून सांगा. पोल आतपर्यंत ओला असतो का, आणि खोडातून निघालेली हवाई मुळं पोलमध्ये शिरलीत की नुसतीच बाहेर लोंबतायत.

पर्णवेडी

पोलबद्दल वरती आलंच आहे, मी फवारणीबद्दल लिहिते कारण मखमली पानांच्या बाबतीत हा गैरसमज फार पसरलाय. ताई, पानावर पाणी फवारून हवेतली आर्द्रता वाढते ती काही मिनिटांपुरती, पाणी उडालं की आकडा परत जागेवर. आणि तुमचे पांढुरके डाग बहुतेक त्या पाण्यातल्या क्षारांचे आहेत. गुळगुळीत पानावरचे असे डाग ओल्या फडक्याने निघतात, इथे निघत नाहीत, कारण ही मखमल म्हणजे लव किंवा केस नाहीत, पानाच्या वरच्या थरातली प्रत्येक पेशी घुमटासारखी वर आलेली असते. त्यामुळे प्रकाश चकचकीत परत न फिरता पसरतो आणि पान असं खोल काळपट दिसतं. क्षार त्या बारीक उंचवट्यांच्या मधे जाऊन बसतात, आणि जोरात घासलं तर उंचवटेच चपटे होऊन तिथे कायमचा चकाकता डाग पडतो. म्हणून मखमली पान कधीही घासायचं नाही, पान चकाकवायचं लीफ शाइन तर अजिबात लावायचं नाही. धूळ बसली तर अगदी मऊ कोरडा ब्रश हलक्या हाताने फिरवा, नाहीतर पावसाच्या किंवा आरओच्या पाण्याने हलकी आंघोळ घाला आणि पाणी निथळू द्या.

पान अडकण्याचं कारण पण कोरडी हवाच असते बहुतेक वेळा. ४५ टक्के आर्द्रतेत झाड जगतं, पण नवीन पान वरच्या पातळ वेष्टणातून सुटताना त्रास होतो, ६० ते ८० च्या मधे ठेवू शकलात तर फरक स्पष्ट दिसेल. ह्युमिडिफायर असेल तर उत्तम, नसेल तर झाडं एकमेकांजवळ ठेवा. अडकलेलं पान हाताने ओढून सोडवायचा मोह होतो, तो आवरा, फार तर त्या वेष्टणाला ओला कापूस लावून मऊ होऊ द्या आणि वाट बघा. फाटलेलं पान आता भरून येणार नाही पण ते झाडासाठी कामाचं आहे, कापू नका.

दगडमाती

मी थोडं वेगळं म्हणतोय, रागावू नका. आर्द्रता आणि पोल यांच्या मागे लागण्याआधी उजेड बघा. "खिडकीपासून बरंच आत" हे वाचूनच मला उत्तर मिळालं. सावलीतलं झाड आहे हे खरं, पण जंगलातली सावली आणि खोलीतली सावली यात फार अंतर आहे, आणि हे झाड वर चढतं ते जास्त उजेडाकडेच ना. आपल्या डोळ्यांना खोली उजळ वाटते, पण खिडकीपासून दोन पावलं आत गेलं तरी उजेड निम्म्याहून कमी होतो. झाड खिडकीजवळ आणा, दुपारचं कडक ऊन तेवढं पानावर पडू देऊ नका, सकाळचं कोवळं ऊन थोडा वेळ आलं तर काही होत नाही. खिडकीत जागा नसेल तर पांढऱ्या प्रकाशाचा ग्रो लाइट रोज बारा तास लावा. एकदम अंधारातून उजेडात मात्र नको, रोज थोडं थोडं सरकवा.

आणि कुंडीतलं मिश्रण. कोकोपीट आणि कंपोस्ट म्हणजे ओलं झालं की चिकट बसतं, हवा राहत नाही, या मुळांना हवा लागतेच. ऑर्किड बार्क (झाडाच्या सालीचे तुकडे), परलाइट (हलके पांढरे दाणे), थोडे कोळशाचे तुकडे आणि साधारण तिसरा हिस्सा कोकोपीट असं भरड मिश्रण करा, पाणी ओतलं की लगेच खालून निथळलं पाहिजे. मुळं एकदा काढून बघाच. पांढरी किंवा दुधाळ आणि कडक असली तर छान, तपकिरी पिचपिचीत आणि वास मारत असतील तर मुळकूज सुरू झालीय, तेवढी कापून टाका. नवी कुंडी मुळांच्या गोळ्यापेक्षा बोटभरच मोठी घ्या, उगाच मोठी कुंडी घेतली तर माती दिवसेंदिवस ओली राहते.

खत पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव ते अर्ध्या मात्रेत द्या. क्षार साचले की पानाचं टोक आणि कडा आधी जळतात, म्हणून अधूनमधून नुसत्या पाण्याने कुंडी भरपूर धुऊन काढा.

मखमली_पान

खूप खूप आभार सगळ्यांचे, एवढं तपशिलात कोणी सांगत नाही. आज बसून सगळं तपासलं. पोल बाहेरून आतून कोरडा ठणठणीत आहे, पाणी ओतलं तर वरूनच घरंगळून जातं. हवाई मुळं भरपूर आहेत पण एकही आत शिरलेलं नाही, टोकं काळी पडून वाळलीत. कुंडीतली मुळं बरीच पांढरी आहेत, तळाशी थोडी तपकिरी होती ती कापली. झाड खिडकीजवळ आणायला सुरुवात केलीय. आता पोलचं काय करू, हाच भिजवत राहू की बदलू?

कुंडीतलं_रान

बदला. कोको पोल काठी म्हणून ठीक आहे पण तो पाणी धरत नाही आणि काथ्या इतका घट्ट गुंडाळलेला असतो की मुळांना शिरायला जागा नसते. स्फॅग्नम मॉसचा, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळाचा पोल करा. प्लास्टिकची जाळी वळवून नळी करायची, मागच्या बाजूला प्लास्टिकची शीट लावली तर ओल जास्त टिकते, आणि आत भिजवून पिळलेलं मॉस भरायचं. फार ठासून भरू नका, हवा राहू दे, पण इतकं सैलही नको की खाली बसून वर पोकळी होईल.

बांधताना एक गोष्ट नीट बघा, खोडाच्या ज्या बाजूने मुळं येतात ती बाजू पोलला चिकटली पाहिजे आणि पानांची बाजू उजेडाकडे. नोड मॉसला टेकला पाहिजे, मधे फट राहिली की मूळ परत हवेत वाळतं. दोरी खोडाला बांधा, देठाला कधीच नाही, कारण देठ उजेडाप्रमाणे वळतात आणि बांधलेले असले की मोडतात. वाळलेली जुनी मुळं आता आत जाणार नाहीत, त्यांच्या मागे लागू नका, नवीन येतील ती जातील.

पाणी पोलच्या वरून हळूहळू द्यायचं, खालपर्यंत झिरपलं पाहिजे. मॉस कधीही पूर्ण सुकू द्यायचं नाही, एकदा कडक वाळलं की परत पाणी शोषायला फार वेळ घेतं. कुंडीचं पाणी वेगळं, तिथे वरचा तिसरा भाग सुकल्यावरच. हे दोन हिशोब वेगळे ठेवणं हेच या झाडातलं खरं काम आहे असं मी म्हणेन. पान मोठं व्हायला लगेच लागणार नाही, मुळं पोलमध्ये धरली की त्यानंतरच्या पानांत फरक दिसतो.

सावलीतली_वेल

सगळं छान चाललंय, फक्त पोल बदलताना पानांची खालची बाजू टॉर्च मारून बघून घ्या. फुलकिडे म्हणजे थ्रिप्स लागले तरी नवीन पान वेडंवाकडं आणि लहान येतं, चंदेरी ओरखडे आणि बारीक काळे ठिपके दिसले तर तेच. त्यांची अंडी पानाच्या आत असतात त्यामुळे एका फवारणीने काम होत नाही, पाच ते सात दिवसांनी परत परत करावी लागते. नीम ऑइल किंवा साबणाचं पाणी आधी एकाच पानावर मारून दोन दिवस थांबा, मखमलीवर तेलाचे डाग राहतात. फवारणी संध्याकाळी करा, उन्हात नको.

देठावर किंवा कोवळ्या पानामागे चिकट थेंब दिसले तर लगेच घाबरू नका, फिलोडेंड्रॉनच्या ग्रंथींमधून गोड रस येतो. पांढरा कापसासारखा पुंजका सोबत असेल तर मात्र तो पिठ्या ढेकूण.

मखमली_पान

टॉर्चने बघितलं, किडे नाहीत, हुश्श! मॉस पोल तयार केलाय, पण आता प्रश्न असा की माझ्या वेलीचा मधला भाग लांबच लांब आणि पानं नसलेला आहे, वरती ती लहान पानं. असंच पोलला बांधू की वरचा शेंडा कापून लावू? कापायची भीती वाटते हो.

दगडमाती

कापाच, पण आत्ता नको. आधी वरच्या भागाला गुट्टी बांधून घ्या. शेंड्याखालचे दोन तीन नोड ओल्या मॉसने गुंडाळून वर प्लास्टिक बांधा, खोड सोलायची गरज नाही, या वेलीला नोडमधून आपोआप मुळं फुटतात. प्लास्टिकमधून चांगली फांद्या फुटलेली पांढरी मुळं दिसायला लागली की त्याच्या खाली, दोन नोडच्या मधे, स्वच्छ धारदार ब्लेडने कापा आणि मुळांसकट शेंडा नवीन पोलच्या तळाशी लावा. मुळं असलेला शेंडा लगेच वाढायला लागतो, बिनमुळाचा नुसता शेंडा पाण्यात ठेवला तर बरेचदा पुढचं पान अजून लहान येतं.

कुंडीत उरलेला बुंधा टाकून देऊ नका. प्रत्येक नोडवर एक डोळा असतो, शेंडा गेला की त्यातला एखादा जागा होतो आणि नवीन कोंब येतो. मधल्या बोडक्या खोडाचे सुद्धा एकेक नोडचे तुकडे करून ओल्या मॉसवर झाकणाच्या डब्यात ठेवता येतात, डोळा वर राहील असे ठेवा, अर्धवट बुडलेले, पूर्ण पुरलेले नको.

पर्णवेडी

कापताना हातमोजे घाला ताई, चिकात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्वचेला खाज येते आणि डोळ्याला लागला तर फार झोंबतं. तुकडे आणि गळलेली पानं लहान मुलं किंवा मांजर कुत्रा यांच्या तोंडात जाणार नाहीत असे टाका. कापल्यावर बुंध्याला पाणी निम्मं करा, वर पानं उरली नाहीत की तो पाणी ओढत नाही आणि नेहमीइतकं पाणी घातलं तर कोंब यायच्या आतच मुळं कुजतात.