जैवसंचयन की जैवविशालन?

प्रश्न (इंदूर): इथल्या मराठी घरांतल्या मुलांना मी विज्ञान शिकवते. पुस्तक हिंदी, त्यात ‘जैव आवर्धन’. एक मुलगी आजीला मराठीत सांगत होती, “अन्नसाखळीत विष साठवलं जातं.” वाक्य खटकलं. नेमकं काय म्हणावं?

उत्तर १: ताई, खटकलं ते योग्यच. साठवतो ते मुद्दाम, पुढे लागेल म्हणून. विष आपसूक साचतं.

जैवसंचयन आणि जैवविशालन हे दोन्ही शब्द हवेत, पण एकाऐवजी दुसरा चालणार नाही. संचयन एकाच देहातलं. डीडीटी हे कीटकनाशक पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, चरबीत विरघळतं. म्हणून लघवीवाटे फारसं बाहेर पडत नाही आणि माशाच्या अंगात आयुष्यभर साचत जातं. विशालन मात्र अन्नसाखळीत पायरीगणिक मात्रा वाढत जाणं. पाठ्यपुस्तकांतल्या नेहमीच्या उदाहरणात दर दशलक्ष भागांत प्राणिप्लवकांत (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांत) ०.०४, छोट्या माशांत ०.५, मोठ्या माशांत २ आणि मासे खाणाऱ्या पक्ष्यांत २५ भाग डीडीटी असतं. भिंगाच्या धड्यात मराठी पुस्तकं ‘विशालन’ म्हणतात आणि हिंदी ‘आवर्धन’, तीच जोडी इथे आली आहे.

उत्तर २: यात ऊर्जेचा धडा जोडून घ्या, नाहीतर मात्रा का चढते ते मुलांना कळणारच नाही. परिसंस्थांचे अभ्यासक लिंडेमन यांच्या १९४२च्या मांडणीवरून आलेला ढोबळ नियम असा की अन्नसाखळीतल्या एका पातळीवरची साधारण १० टक्केच ऊर्जा पुढच्या पातळीला मिळते. सिरपूर तलावावरचा पाणकावळा मासे खातो, त्यातलं बरंचसं अन्न श्वसनात खर्ची पडतं आणि उष्णता होऊन निघून जातं. माशांत न मोडणारं विष असेल, तर ते मात्र पक्ष्याच्या अंगात मागे उरतं. आणि कृपा करून ‘ऊर्जेचं चक्र’ लिहू देऊ नका! चक्र पोषकद्रव्यांचं, ऊर्जेचा प्रवाह.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. विशालनाला गिधाडांचं उदाहरण देऊ का?

उत्तर १: इथे नको. पांढऱ्या पाठीची गिधाडं भारतात १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून जास्त घटली, याचं दुःख आहेच. पण त्यामागचं डायक्लोफेनॅक, म्हणजे गुरांना तेव्हा दिलं जाणारं वेदनाशामक, पायरीपायरीने चढलं नव्हतं. औषध दिल्यावर लगेच मेलेलं गुरू गिधाडांनी खाल्लं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. जगलेल्या गुराच्या अंगातून ते औषध थोड्या दिवसांत निघून जातं. याला दुय्यम विषबाधा म्हणावं. जनावरांसाठी त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली.

उत्तर २: त्यापेक्षा पारा घ्या. जपानमधल्या मिनामाताचा आजार १९५६ मध्ये अधिकृतपणे नोंदला गेला. कारखान्याच्या सांडपाण्यातला मिथिल पारा मासे-शिंपल्यांतून माणसांत पोचला होता. तो मुख्यतः प्रथिनांना चिकटून राहतो. त्यामुळे व्याख्येत ‘चरबीत विरघळणारं विष’ एवढंच लिहिलं तर पारा सुटतो. ‘शरीरात सहजी न मोडणारं आणि सहजी बाहेर न पडणारं’ असं लिहून द्या.