पोटऱ्यांना विसरू नका
सकाळी एकदा सनस्क्रीन चोपडलं की शॉर्ट्सवर दिवसभर बिनधास्त चाला असं कुणीतरी लिहिलंय, ते नाही पटत. दर २ तासांनी परत लावावंच लागतं, घाम आणि मोज्यांच्या घासण्याने तर त्याआधीच निघून जातं.

मी एकदा सकाळभर पश्चिमेकडे चालत होतो, म्हणजे ऊन सगळं पाठीमागून, पुढून पाय मस्त आणि पोटऱ्या न् गुडघ्यांची मागची बाजू लालभडक, दोन दिवस जिना उतरताना देव आठवला (तिथे सनस्क्रीन लावायचं सुचलंच नव्हतं). तेव्हापासून सरळ ढगळ फुल पॅंट. फक्त पातळ पांढरी कॉटनची नको, ओली झाली की तिच्यातून यूव्ही (उन्हातली त्वचा भाजणारी अतिनील किरणं) जास्त आत येतं, घट्ट विणीची बघा, यूपीएफ (कापड यूव्ही किती अडवतं त्याचा आकडा) ५० असेल तर साधारण २ टक्केच आत जातं.