मदत हवी आहे: गणिताच्या नोट्स स्क्रीन रीडरने नीट वाचाव्यात म्हणून
सगळ्या वर्गासाठी नोट्सची एकच प्रत हवी आहे. अंध विद्यार्थ्यासाठी ऐनवेळी वेगळी केलेली नको, कारण ती नेहमी उशिराच हातात पडते. मजकूर युनिकोडमध्ये आहे, मथळ्यांना हेडिंग स्टाइल आहे, अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ आहे. अडतंय ते समीकरणांपाशी. चित्र म्हणून चिकटवलेलं समीकरण एनव्हीडीए (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा स्क्रीन रीडर) नुसतं 'ग्राफिक' म्हणून सोडून देतं. वर्डमध्ये टाइप केलेल्याची पीडीएफ केली, की सहसा अंश-छेद सलग वाचले जातात आणि अर्थच बदलतो. एचटीएमएलमध्ये (वेबपानाच्या स्वरूपात) मॅथएमएल, म्हणजे समीकरणाची रचना सांगणारा कोड, असेल तर मॅथकॅट (स्क्रीन रीडरला गणित वाचायला मदत करणारं सॉफ्टवेअर) व्यवस्थित वाचतं. मग मोठी वर्ड फाइल पॅनडॉकने (फाइलचं स्वरूप बदलणाऱ्या प्रोग्रॅमने) अशा एचटीएमएलमध्ये बदलताना नेमकं काय तपासायचं? आणि आलेखाच्या पर्यायी मजकुरात (चित्राऐवजी वाचल्या जाणाऱ्या वर्णनात) अक्ष, एकक, छेदबिंदू एवढं पुरतं, की सोबत आकड्यांचा तक्ताही द्यावा?