अनुभव धागा : गरम गाडी चालू होते आणि लगेच बंद पडते

मंडळी, गाडी सकाळी एका सेल्फमध्ये चालू होते, पण लांब पळवून, बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी परत चालू केली की पाच-सहा सेकंदात फुस्स, असं कुणाकुणाला झालंय? परवा पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट उतरून चहाला थांबलो, निघताना तीनदा हेच. सीएनजी गाडी, नव्वद हजार किमी झालेत. अर्ध्या तासाने जणू काही झालंच नाही अशी चालू. गॅरेजला नेईपर्यंत थंड, मग काय, "साहेब, गाडी ओके आहे". काय बदललं यापेक्षा दोष कसा सापडला ते लिहा.

आमच्या बाबांच्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीचं उन्हाळ्यात हे रोजचंच. इंजिन बंद केलं की पंखा आणि पाणी थांबतं, बॉनेटखालची उष्णता उलट वाढते, पाइपातलं पेट्रोल उकळतं आणि पंप नुसती वाफ ओढत बसतो. बाबा फडकं ओलं करून पंपावर गुंडाळायचे, आई तोवर डबा उघडायची. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल प्रेशरखाली असतं त्यामुळे हे सहसा होत नाही, तेव्हा उगाच फडक्याच्या नादी लागू नका.

मला या प्रकाराने सहा महिने छळलंय. प्लग बदलले, कॉइल बदलली, थ्रॉटल बॉडी दोनदा साफ केली, प्रत्येक वेळी वाटायचं झालं बुवा आणि आठवड्यात परत तेच. शेवटी एक म्हातारे इलेक्ट्रिशियन म्हणाले, बंद पडली की सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघा. बघितलं तर काटा शून्यावरून हलतच नव्हता, म्हणजे क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणारा) संशय. त्यांनी सेन्सर काढून मल्टिमीटर लावला आणि हेअर ड्रायरने तापवायला घेतला, रेझिस्टन्सचा आकडा हळूहळू चढत गेला आणि एकदम ओएल, म्हणजे सर्किट तुटलेलं! आतली तार तापली की सुटायची, गार झाली की परत चिकटायची. हे दोन वायरवाल्या सेन्सरचं हं, तीन वायरवाला असा मोजता येत नाही.

माझी फक्त पेट्रोल भरल्यावर बंद पडायची. टाकीतली वाफ गरजेपुरती इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलेला, सगळी वाफ सरळ इंजिनात. पेट्रोल पंपावर मागच्यांच्या शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्या.

कूलंटचा टेंपरेचर सेन्सर पण बघा. माझा कायम इंजिन थंड आहे असंच सांगायचा, मग ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) पेट्रोल ओततच राहायचा. सायलेन्सरला पेट्रोलचा वास आणि काळा धूर असेल तर हे असू शकतं. स्वस्तातला स्कॅनर लावून गरम इंजिनला तापमान किती दाखवतंय बघा, तीस-चाळीस दाखवत असेल तर सापडलंच.

धागाकर्ते दादा, सीएनजी आहे ना? एरवी ती पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जाते, तर बंद पडली की सीएनजी किटचं बटण दाबून धरून सरळ गॅसवर चालू करून बघा. चालली तर स्पार्क, क्रँक सेन्सर सगळं ठीक, घोळ पेट्रोलच्या बाजूला.

धागाकर्ता परत आलोय. ताई, तुमचं गॅसवर चालू करायचं ऐकलं. रविवारी मुद्दाम तासभर एसी लावून फिरवली, सोसायटीत पंधरा मिनिटं बंद ठेवली आणि मग सेल्फ. पेट्रोलवर पाच सेकंदात गेली, गॅसवर मस्त चालली! मग बंद करून चावी फक्त ऑन केली आणि मागच्या सीटवर कान लावला, तर पंपाची ती दोन सेकंदांची घुंई येतच नव्हती. पंपाचा रिले (त्याला वीज देणारा स्विच) अदलाबदल करून पाहिला, पंपाच्या कनेक्टरला करंटही येतोय. टाकीला खालून रबरी हातोडीने टकटक केली तर घुंई आली. पंप पेट्रोलात बुडून गार राहतो म्हणे, आणि मी गॅसच्या भरवशावर दोन वर्षं टाकी रिझर्व्हवर ठेवलेली. पंप बदलायला टाकलाय. बायकोने विचारलं, पेट्रोल किती रुपयांचं वाचवलंस रे?