शब्दचर्चा: रक्तदाबावरच्या 'नर्व्ह स्टिम्युलेशन'ला काय म्हणावं?

प्रश्न
रेझिस्टंट हायपरटेन्शनवर विजेच्या सौम्य स्पंदांनी उपचार करणाऱ्या यंत्रांची माहिती रुग्णांसाठी लिहिते आहे. मसुद्यात 'प्रतिरोधी उच्च रक्तदाब' आणि 'नसेला विद्युत उत्तेजन' असे शब्द वापरलेत. वाचणारे विचारतात, "म्हणजे नसेला शॉक देतात का?" काय बदलू?

उत्तर
सर्वांत आधी 'नस' काढा. हाताची नस कापली म्हटलं की रक्तवाहिनी, मणक्यात नस दबली म्हटलं की नर्व्ह. 'शीर'चंही तेच. इथे हा घोळ परवडणारा नाही, कारण इलेक्ट्रोड मानेतल्या कॅरोटिड धमनीच्या बाहेरच्या भिंतीवर बसवतात, रक्तवाहिनीच्या आत तार सरकवत नाहीत. 'चेतातंतू' लिहा. 'मज्जातंतू' जास्त रुळलेला आहे, तोही चालेल. फक्त पत्रकभर एकच ठेवा.

'उत्तेजन'ही नको. उत्तेजनार्थ बक्षीस, उत्तेजक पेय... या शब्दाने काहीतरी वाढणारच असं वाटतं, आणि इथे तर दाब उतरवायचाय. त्यापेक्षा 'उद्दीपन' बरा, पण खाली प्रक्रिया सांगितल्याशिवाय तोही पोकळच. कॅरोटिड धमनीला जिथे फाटा फुटतो तिथे तिच्या भिंतीत दाबाचा ताण ओळखणारे चेतातंतूंचे शेंडे असतात, त्यांना 'दाबग्राही' म्हणा. यंत्र त्यांना स्पंद देतं. दाब फार चढलाय असा निरोप मेंदूला जातो; मेंदू अनुकंपी चेतासंस्थेला (ताणाच्या वेळी ठोके आणि दाब वाढवणाऱ्या चेतातंतूंच्या जाळ्याला) आवरतो, रक्तवाहिन्या सैलावतात, हृदयाचे ठोके मंदावतात. चेतवायचं ते दाबग्राहींना, रक्तदाबाला नव्हे, एवढं वाक्य पत्रकात असलंच पाहिजे.

त्या जागेचं नाव कॅरोटिड सायनस. ते लिहाल तिथे 'नाकाच्या सायनसशी संबंध नाही' हे जोडा. सर्दीवाले हमखास विचारतात.

प्रश्नकर्ती
आणि 'प्रतिरोधी'? रोगप्रतिकारशक्तीची आठवण होऊन तो चांगला गुण वाटतो, असं एका वाचकाने सांगितलं.

उत्तर
बरोबर सांगितलं. 'औषधांना दाद न देणारा रक्तदाब' लिहा, मराठीत हे तयारच आहे. पण त्याची व्याख्या सैल सोडू नका: वेगवेगळ्या गटांतली तीन औषधं, त्यांत एक लघवी वाढवणारं, सोसवेल तितक्या पूर्ण मात्रेत घेऊनही दाब लक्ष्याच्या वर राहतो तो. गोळ्या चुकत असतील, दंडाला पट्टा लहान पडत असेल किंवा दवाखान्यात शिरल्यावरच दाब चढत असेल, तर तो दाद न देणारा नव्हे. हा फरक मला सगळ्या पारिभाषिक शब्दांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. तो न कळल्याने माणूस थेट शस्त्रक्रियेची चौकशी करू लागतो.

आणखी एक उत्तर
एक भर घालतो. बातम्यांत 'रीनल डिनर्व्हेशन'लाही 'नर्व्ह स्टिम्युलेशन'च्याच नावाखाली टाकतात. ते उलट काम आहे. तिथे मूत्रपिंडाच्या धमनीभोवतीचे चेतातंतू उष्णतेने निकामी करतात, शरीरात यंत्र राहत नाही. त्याला 'चेताछेदन' म्हणू नये, कारण काही कापत नाहीत. 'चेतातंतू निष्क्रिय करणे' पुरे. अमेरिकेत या पद्धतीच्या दोन यंत्रणांना नोव्हेंबर २०२३मध्ये उच्च रक्तदाबासाठी मान्यता मिळाली.

उद्दीपनाच्या बाबतीत मात्र 'सिद्ध उपचार' लिहू नका. दाबग्राहींना स्पंद देणाऱ्या रिओस या यंत्रणेच्या २६५ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०११ साली आले. टिकून राहणाऱ्या परिणामाचा निकष पूर्ण झाला, पण सुरुवातीच्या परिणामाचा आणि शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेचा झाला नाही. पुढच्या पिढीच्या बॅरोस्टिमला अमेरिकेत २०१९ साली मान्यता मिळाली ती हृदयविकलतेसाठी (हार्ट फेल्युअर), रक्तदाबासाठी नव्हे. म्हणून 'अभ्यासाधीन उपचार' हाच शब्द.

प्रश्नकर्ती
मग सुरुवात अशी करते: 'औषधांना दाद न देणाऱ्या रक्तदाबावर अभ्यासला जाणारा एक उपचार. गळपट्टीच्या हाडाखाली, त्वचेच्या आत बसवलेलं छोटं यंत्र मानेतल्या दाबग्राहींना विजेचे सौम्य स्पंद देतं. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत.'

उत्तर
चालेल. फक्त 'शॉक नाही' हे पहिल्याच परिच्छेदात येऊ द्या.