गिनी फाऊल खुराड्यात अंडी घालत नाहीत, मदत हवी आहे

सिमरोलकर: इंदूरजवळ सिमरोलला आमचं शेत आहे. गिनी फाऊल (कोंबडीसारखे ठिपकेदार पक्षी) पाळलेत, पण खुराड्यात अंडी घालायचं नाव नाही. कोंबड्यांसाठी लावतो तशी खोकी लावली, भुसा घातला, ढुंकूनही बघत नाहीत. सोयाबीनमध्ये घालतात आणि मुंगसं फस्त करतात. उपाय सांगा, लवकर.

राऊचे_अण्णा: पक्षी किती, माद्या किती, सकाळी सोडता कधी? काहीच लिहिलं नाहीत.

सिमरोलकर: बारा आहेत. उजाडलं की सोडतो. नर-मादी सारखेच दिसतात, कसं सांगू?

सुलभा_महू: आवाजावरून ओळखा. दोन तुकड्यांत ओरडते ती मादी, नराला ते जमत नाही. घाबरली की मादीही एकसुरी ओरडते, म्हणून शांत असताना ऐका.

मालवा_शेती: बरेलीजवळ इज्जतनगरला केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आहे. तिथल्या कादंबरी, चितंबरी, श्वेतांबरी जाती आणा, मी तर हेच सांगेन.

सिमरोलकर: अहो, जात नाही बदलायची!

राऊचे_अण्णा: उजाडताच सोडता, तिथेच गडबड आहे. ही बहुतेक दुपारच्या सुमारास अंडी घालतात. तीनपर्यंत कोंडून ठेवा.

सुलभा_महू: अण्णा, नुसतं कोंडून भागत नाही, गर्दी झाली की एकमेकांची पिसं उपटतात. आधी जागा बदला. उंचावरची खोकी त्यांना नको असतात. जमिनीवर, अंधाऱ्या कोपऱ्यात गवत पसरा आणि भिंतीला तुराट्या तिरप्या लावून आडोसा करा. आत दोन-तीन लाकडी अंडी आमिष म्हणून ठेवा. एकाच घरट्यात अनेक माद्या घालतात.

राऊचे_अण्णा: आडोसा करा हो, पण दार उघडं असेल तर त्या सोयाबीनमध्येच जाणार.

शेतकरी_धार: अंडी देशी कोंबडीखाली ठेवा, २६ ते २८ दिवसांत पिल्लं निघतात. पावसात भिजू देऊ नका, लगेच मरतात.

सिमरोलकर: दादा, पिल्लांचं नंतर. आधी अंडी तर हाती लागू देत.

सुलभा_महू: सगळी अंडी एकदम उचलू नका, नाहीतर जागा सोडतात. चार-पाचांवर पेन्सिलीने खूण करून तिथेच राहू द्या, रोज फक्त बिनखुणेची काढा.

सिमरोलकर: दुपारपर्यंत कोंडले. दोन अंडी मिळाली, पण तुराट्यांखाली नाही, दाण्याच्या पोत्यामागे.

राऊचे_अण्णा: मग पोतं हलवू नका. लाकडी अंडी तिथेच ठेवा. सप्टेंबरच्या आसपास अंडी थांबतात, तोवर दुसरीकडे हलवायच्या फंदात पडू नका.